मातीखालची गाळणी

९ जानेवारी

आज कबरस्तानात चुन्याची रेघ पडली. दोरीचं एक टोक धरून कामावरची इंजिनिअर तेनमोळी स्वतः उभी होती. पोरगी जेमतेम तिशीची, पण मजुरांवर आवाज चढवायची वेळ तिच्यावर येत नाही. चेन्नईहून आली तेव्हा वाटलं होतं, आमची उन्हं आणि आमची तोंडं बघून आठवड्यात पळेल. टिकली.

तिनं समजावलं ते इथं उतरवून ठेवते, म्हणजे रविवारी चर्चमध्ये बोलताना माझा गोंधळ व्हायचा नाही. कातडी कमावायचं क्रोम बनवणारा कारखाना बंद होऊन वीसएक वर्षं झाली, तरी त्याच्या मागचा पिवळ्या मळीचा डोंगर जागेवरच आहे. पाऊस आला की तो झिरपतो. झिरपलेलं पाणी जमिनीखालून आमच्या कल्मेडूकडं येतं आणि पुढं पालारच्या पात्राकडं जातं. दोन्ही अंगांना खडक आहे, मधे कधीकाळच्या ओढ्याची वाळू पुरलेली आहे, पाण्याला वाट तेवढीच. त्या वाटेवर आडवा चर खणायचा, खाली खडक लागेपर्यंत. त्यात वाळू आणि लोखंडाचा कीस भरायचा, वरून माती लोटायची. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या चालीनं येईल, किसातून जाईल, विष लोखंडापाशी अडकेल आणि पाणी पुढं निघेल.

"भिंत नाही टीचर, गाळणी," ती म्हणाली.

वाट तेवढीच, आणि त्या वाटेवर आमचं कबरस्तान. चराच्या रुंदीत येतील तेवढ्या कबरी उचलून रुळांपलीकडच्या टेकडीवर न्यायच्या. लोकांना हे सांगायचं काम पास्टर असीर यांनी माझ्यावर टाकलं. अर्धं गाव माझ्या हाताखाली पाढे शिकलंय, हे त्यांचं कारण.

आमची कृपै रेघेच्या बाहेर राहिली. चांगली बाहेर. मी दोनदा जाऊन पाहिलं.

१२ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर कोणी उठलं नाही. मी बोलले. पाणी कसं येतं, गाळणी कशी चालते, सगळं. शाळेत बोलायचे तसंच. तेनमोळीही दोन शब्द बोलली, पण तिला मधेच थांबवून म्हातारे मनुवेल तात्ता उठले.

"पास्टर, एक विचारू? शेवटच्या दिवशी रणशिंग वाजलं की माझी आई उठणार. उठून बघते तर शेजारी कोणी ओळखीचं नाही. आम्हाला शोधत ती रूळ ओलांडून येणार का?"

मागं पोरं हसली. पास्टर हसले नाहीत. म्हणाले, "तात्ता, ज्यानं उठवायचं त्याला पत्ता बदलल्याचं कळवावं लागत नाही."

तात्तांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग हलवा."

एवढ्यावर सभा संपली असती तर बरं झालं असतं. पण रोसम्मा उभी राहिली. तिचा नवरा रेघेत येतो. तिनं पदर खोचला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "टीचर, छान सांगितलंत. तुमची मुलगी कुठं येते रेघेत?"

"बाहेर," मी म्हटलं.

"असं का! रेघ फार समजूतदार दिसते."

मला उत्तर सुचलं नाही. घरी येईपर्यंत चांगली चार सुचली.

१४ जानेवारी

पोंगल. गोड भात केला, ह्यांनी दोन घास खाऊन ताट सारलं. घसा बसलाय म्हणे. थंडीत रोज संध्याकाळी कृपैकडं जाऊन बसतात, मग घसा बसणारच. मी तसं बोलले तर म्हणाले, "बरं, टीचरम्मा." चिडले की हे मला टीचरम्मा म्हणतात. लाडात आले तरी तेच म्हणतात. सदतीस वर्षं संसार करून मला फरक ओळखता येत नाही.

२३ जानेवारी

घरोघरी फिरते आहे. सकाळी टँकर येऊन जातो, बायका घागरी भरून घरी परततात, तेव्हा गाठायचं. ओसरीवर बसायचं, सुंठीची कॉफी प्यायची, मेलेल्या माणसाच्या आठवणी ऐकायच्या, मग सांगायचं. एलियाच्या घरी त्याची आई रडली, पण हो म्हणाली. सेल्वराणीनं विचारलं, पेटी नवी देणार का. हो म्हटलं. तिचं बाळ चार महिन्यांचं होऊन गेलं होतं. म्हणाली, पेटी लहान करा, मोठ्या पेटीत ते हरवेल.

लोक माझं ऐकतात याचा मला आनंद होतो. खोटं कशाला लिहू? निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं.

४ फेब्रुवारी

रोसम्मा सोडून सगळे तयार झाले. तिच्या दारात आज पुन्हा गेले. तिनं आत बोलावलं नाही, बाहेरच सुपात तांदूळ पाखडत बसून राहिली.

"नवरा जिवंत असताना दारू पिऊन गावभर फिरायचा," ती म्हणाली. "मेल्यावर एका जागी बसलाय. आता तुम्ही त्याला उठवायला निघालात."

मला हसू आलं, तिलाही. पण हो म्हणाली नाही.

हे आज परत वेल्लूरला गेले होते. कारखान्यातला जुना जोडीदार पौल तिथं दवाखान्यात आहे म्हणतात. बसनं जाऊन-येऊन दिवस मोडतो. येताना इतके थकलेले असतात की शर्ट न काढता आडवे होतात. मित्रासाठी एवढं करतात, मला मात्र दारोदार फिरताना एकदाही विचारलं नाही की कसं चाललंय. ह्यांना हे काम आवडलेलं नाही, हे मी ओळखून आहे. तोंडानं बोलत नाहीत, एवढंच.

११ फेब्रुवारी

खाली किती खोल खडक आहे ते बघायला तेनमोळीनं रेघेवर भोकं पाडली. संध्याकाळी घरी आली, चपला दारातच काढून उभी राहिली, बसेना. तेव्हाच मला कळलं.

"टीचर, वाळूची वाट आम्हाला वाटली त्याहून पूर्वेला आहे. रेघ सरकवावी लागेल."

"किती?"

तिनं मोघम हात केला. मी म्हटलं, "कृपै?"

"आत येते."

"आणि रोसम्माचा नवरा?"

"बाहेर राहतो."

हे खाटेवर बसून ऐकत होते. खोकत खोकत उठून मागच्या अंगणात गेले. आपले रुमाल हल्ली स्वतःच धुतात, तेच करत बसले.

१२ फेब्रुवारी

कुठं गेले नाही.

१४ फेब्रुवारी

मी एलियाच्या आईला काय सांगितलं होतं? "ती तिथं नाही, तिची माती तिथं आहे." केवढ्या थाटात सांगितलं होतं. आज तेच वाक्य स्वतःला म्हणून पाहिलं. चालत नाही.

कृपै एकोणीस वर्षांची होती. नर्सिंगचं पहिलं वर्ष. मूत्रपिंडं गेली. पाण्यानं गेली की आणखी कशानं, कोणी सांगितलं नाही आणि तेव्हा विचारायचं कोणाला सुचलंही नाही. आमच्या विहिरीचं पाणी तेव्हा नुकतंच पिवळट दिसायला लागलं होतं. कपड्यांना डाग पडायचे म्हणून बायका कुरकुरायच्या, तेवढंच.

१६ फेब्रुवारी

रोसम्मा आली. मला वाटलं, आता ही व्याजासकट फेडणार. अंगणात उभी राहून म्हणालीच, "काय टीचर, रेघेनं—" आणि माझ्या तोंडाकडं बघून थांबली. दारातला मोडका झाडू उचलून उगाच कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि गेली.

२० फेब्रुवारी

शेवटी ह्यांना विचारलंच. लोक वाट बघताहेत, पास्टर वाट बघताहेत, आपण काय सांगायचं?

"नवी जागा आधी बघू," हे म्हणाले. आवाज अगदी खरखरीत झालाय.

मी म्हटलं, "म्हणजे तुमची हरकत नाही?"

"जागा बघू."

धड हो नाही, धड नाही नाही. हे रुसणं मला आता असह्य होतं. मुलगी माझीही होती.

२४ फेब्रुवारी

टेकडीवर गेलो. मी, हे आणि पास्टर. वाटेत हे तीनदा बसले. चढ काही मोठा नाही, बकऱ्या चारणाऱ्या म्हाताऱ्या चढतात. मला पास्टरांसमोर लाज वाटली. मुद्दाम उशीर करताहेत असं वाटलं.

वर गेल्यावर मात्र भलतेच चोखंदळ झाले. मधली जागा नको. ओळीच्या सुरुवातीची नको. पश्चिमेची कड हवी, आणि तिच्या बाजूची एक जागा मोकळी सोडायची. पास्टर म्हणाले, "अण्णा, ओळीनं देतोय, कोणाची जागा राखून ठेवता येत नाही."

"पास्टर, एवढी द्या," हे म्हणाले. आणि पास्टर माझ्याकडं न बघता लगेच हो म्हणाले. मला राग आला. मी पंधरवडाभर दारं झिजवली, मला कोणी असं चटकन हो म्हटलं नव्हतं. आणि बाजूची जागा कशाला मोकळी हवी? कृपैला ऐसपैस झोपायला?

उतरताना म्हणाले, "वरून नदी दिसते. चांगलं आहे." एवढंच. पण म्हणजे होकार, असं मी धरलं.

१८ मार्च

आज कृपैला काढलं.

सकाळीच गेलो. पास्टरांनी प्रार्थना म्हटली. खणणारे दोघे होते, पण अर्ध्यावर आल्यावर हे म्हणाले, "आता बाजूला व्हा, मी उतरतो." खणणाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? हे उतरले.

माती वर तांबडी होती, खाली खाली पिवळट होत गेली. पेटीचं काही उरलं नव्हतं. हे हातानं माती सारत होते, गरोदर बाईच्या पोटावरून सुईण हात फिरवते तसा. एकेक हाड वर देत होते, मी पांढऱ्या कापडात घेत होते. हाडं पिवळसर होती. तेनमोळी माझ्या शेजारी होती, म्हणाली, जुनी हाडं अशीच होतात. ती खोटं बोलत नव्हती, पण माझ्याकडं बघतही नव्हती.

डोकं सर्वांत शेवटी आलं. ते त्यांनी आपल्या पंच्यात घेतलं, दोन्ही हातांवर तोललं आणि खड्ड्यातून वर माझ्याकडं बघून म्हणाले, "नवमणी, वजनच नाही गं हिला."

त्यांनी मला नावानं कधी हाक मारली होती ते आठवत नाही.

मग त्यांना वर येता येईना. दोघांनी काखेत हात घालून ओढून काढलं. किती तरी वेळ मातीवर बसून धापा टाकत होते, तोंडाला पंचा लावून. दुःखानं माणूस असा मोडतो, मी पाहिलंय. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाच्या आत पाठ कुठं लागतच नव्हती.

दुपारी टेकडीवर पश्चिमेच्या कडेला ठेवलं. रोसम्मा आली होती. अबोलीचा गजरा पेटीवर ठेवला आणि उतरून गेली.

२ एप्रिल

चर खोल गेला. खाली पाणी लागलं, हळद कालवल्यासारखं. सगळं गाव काठावर उभं राहून बघत होतं. इतकी वर्षं हेच आमच्या पायांखालून जात होतं, पण असं एकत्र कोणी पाहिलं नव्हतं. मनुवेल तात्तांनी चपला काढल्या, का ते त्यांनाच ठाऊक.

९ एप्रिल

लोखंडाचा कीस आला, ट्रकांवर ट्रक. करडा, जड. हे रोज खुर्ची घेऊन तिथं जाऊन बसतात. आज तेनमोळीच्या मजुरांना त्यांनी जुनी करामत दाखवली. कारखान्यातल्या सगळ्या जुन्या माणसांच्या नाकात आतला पडदा झिजून भोक पडलेलं आहे. एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून काढायचा, पैजा लावायच्या, असं पाळीच्या सुट्टीत चालायचं. आज ह्यांनी तसा दोरा काढून दाखवला. मजूर ओरडले, हसले. तेनमोळी हसली नाही.

"अय्या, तुम्ही दवाखान्यात दाखवता ना?" तिनं विचारलं.

"दाखवतो ना. दोरा बघून डॉक्टरही हसतात."

२० एप्रिल, ईस्टर

पहाटेची उपासना यंदा टेकडीवर झाली. हे आले नाहीत. मी एकटी गेले. सूर्य वर आला तेव्हा सगळ्यांनी गाणं म्हटलं, आणि मी कृपैच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभी होते, कारण गर्दीत दुसरीकडं जागा नव्हती.

९ मे

चर बुजवला. वर माती आली, सपाट. मधे मधे झाकणं लावलेले पाइप उभे केलेत, पाणी तपासायला. बाकी बघण्यासारखं काही नाही. एवढं सगळं करून शेवटी दिसायला काहीच नाही. पास्टरांनी प्रार्थना केली, पेढे वाटले. हे मातीवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. त्यात बराच वेळ गेला.

२२ मे

दुपारी जेवताना ह्यांना ठसका लागला. पंचा तोंडाला लावला. खाली घेतला तेव्हा लाल होता. लपवायला उशीर झाला होता.

"कधीपासून?"

"पोंगलच्या आधीपासून."

"पौल?"

"पौल तीन वर्षांपूर्वीच गेला गं. तुला सांगायचं राहिलं."

छातीत गाठ. दोन्हीकडं. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं, उशीर झालाय. पास्टरांना माहीत होतं. मला नव्हतं. मी ओरडले, ताट सरकवलं, भात सांडला. मला का नाही सांगितलंत?

हे भात गोळा करत म्हणाले, "तू गावाच्या मेलेल्यांची समजूत घालत फिरत होतीस. त्यात आणखी एक कुठं भरती करू?"

टेकडीवर कृपैच्या बाजूची जागा कोणासाठी राखली ते आज कळलं. मला. शाळेत शिकवायचे मी.

३ जून

पेज आणि ताक. दुसरं काही जात नाही.

१९ जून

आज जरा बरं होतं. म्हणाले, टेकडीवर मी काही पहिला भाडेकरू नाही, पोरगी आधीच जाऊन बसलीय. मी म्हटलं, असलं बोलू नका. म्हणाले, "मग काय बोलू? तू सांग, मी बोलतो, टीचरम्मा."

आम्ही दोघं कैऱ्या कशा महागल्या त्याबद्दल बोललो.

१७ जुलै

हे गेले. सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर.

२ ऑगस्ट

वही हातात घेते आणि ठेवते.

एक गोष्ट लिहायची आहे. टेकडीवर नेताना पेटीला खांदा द्यायला रोसम्माचा मुलगाही आला होता. चढावर जिथं हे तीनदा बसले होते, तिथं मी पुन्हा पुन्हा म्हणत होते, थांबा, थोडं थांबा. लोकांना वाटलं मीच थकले.

२ नोव्हेंबर

कबरींचा सण. गाव दोन वाटांनी गेलं. जुन्या कबरस्तानात निम्मे, टेकडीवर निम्मे. पूर्वी सगळ्यांच्या मेणबत्त्या एकत्र लागायच्या, एका कबरीवरची विझली तर शेजारच्यावरून पेटवायची. आज मी टेकडीवरून खाली पाहिलं, तर तिकडं मधेच एक अंधारा पट्टा होता. त्याच्या अलीकडं पलीकडं दिवे. पट्ट्याखालून पाणी जात होतं.

हे आणि कृपै शेजारी शेजारी. दोन्हीकडं अबोली वाहिली. त्यांच्याशी बोलायचं म्हणून गेले होते, पण तसं काही झालं नाही. वारा होता, मेणबत्त्या सांभाळण्यात वेळ गेला.

१५ मार्च

पुन्हा ९ जानेवारीपासून नवी वही सुरू करणार होते. राहिलं. आजचं मात्र लिहायला हवं.

उपासनेनंतर तेनमोळीनं गावाला बोलावलं होतं. तपासणीचे आकडे आले. गाळणीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ आहे. तिनं दोन बाटल्या समोर ठेवल्या, एक गाळणीच्या अलीकडची, पिवळी, एक पलीकडची, काचेसारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एलियाच्या आईनं ती बाटली हातात घेऊन गालाला लावली.

मग एलियानं विचारलं, "म्हणजे विहिरी कधीपासून वापरायच्या?"

तेनमोळीनं आकड्यांच्या कागदाची घडी घातली. मग तिनं सांगितलं. गाळणीच्या पुढं, घरांखाली जे पिवळं पाणी आधीच येऊन बसलंय, ते जागचं हलायला हवं. मातीलाही विष धरून आहे. जमिनीखाली पाणी मुंगीच्या चालीनंही चालत नाही. स्वच्छ पाणी विहिरींपर्यंत पोचायला पंचवीस वर्षं. कदाचित तीस.

मग एकदम सगळे बोलायला लागले. आमची माणसं उकरलीत आणि पाणी तसंच? कोणी सांगितलं होतं हे? सेल्वराणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही माझ्या घरी बसून कॉफी प्यायलात, टीचर. माझं बाळ काढायला लावलंत."

रोसम्मा ओरडली, "तीस वर्षांनी आम्ही कुठं असू?"

"टेकडीवर," मागून कोणीतरी म्हणालं.

दोघे-तिघे हसले आणि हसल्याची त्यांनाच लाज वाटली. लोक निघून गेले. स्वच्छ पाण्याची बाटली बाकावर तशीच राहिली.

मी तेनमोळीला म्हटलं, "तू हे आधी सांगायला हवं होतंस."

"पहिल्याच सभेत म्हटलं होतं टीचर, की पुढच्या बाजूला वेळ लागेल. मनुवेल तात्ता उठले आणि बोलणं तिकडं गेलं. किती वेळ, ते मला कोणी विचारलं नाही. मीही पुन्हा काढलं नाही. काढायला हवं होतं." मग बाटल्यांची झाकणं घट्ट करत म्हणाली, "अय्यांनी विचारलं होतं."

"ह्यांनी? कधी?"

"रेघ सरकली त्याच आठवड्यात. मला एकटीला गाठून विचारलं. मी खरं ते सांगितलं, तीस वर्षं. मला वाटलं, आता हे मुलीला हलवू देणार नाहीत, आणि गावालाही सांगतील."

"मग?"

"म्हणाले, एवढा वेळ लागणार असेल तर लवकर खणायला घ्या, पोरी."

मी घरी आले. रात्रीचा स्वयंपाक केला नाही. महिनाभर मला वाटत होतं, माझा नवरा रुसलाय.

२२ मार्च

चर्चमध्ये माझ्या बाकावर आज कोणी बसलं नाही. टँकरपाशी बायका मला वाट देतात, बोलत नाहीत. त्यांचं चुकत नाही. मी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं, पण ज्या थाटात सांगितलं, त्यात तीस वर्षं मावत नव्हती.

तीस वर्षं आधी कळली असती तर मी हो म्हटलं असतं का? ह्यांच्यासारखं म्हणाले असते का? नाही. तितकी मी मोठी नाही. कृपै रेघेबाहेर होती तोवर सगळं सोपं होतं.

३० मार्च

तेनमोळीची बदली झाली. पाइपांतलं पाणी दर महिन्याला काढून, बाटलीवर तारीख आणि पाइपाचा नंबर घालून चेन्नईला पाठवायला गावातलं कोणी हवंय. कोणी पुढं येईना. मी म्हटलं, मी करीन.

"वर्षानुवर्षं करावं लागेल, टीचर."

"जमेल तेवढी करीन."

ती माझ्या पाया पडली. आमच्यात पाया पडत नाहीत. मी तिला उठवून जवळ घेतलं. मग ती बसमध्ये बसून रडली, खिडकीतून दिसत होतं.

६ एप्रिल

पहिल्यांदा एकटीनं पाणी काढायला गेले. दोरीला बांधलेली बाटली, पिशवी, पेन. गाळणीच्या पुढं, घरांजवळ बसवलेला पाइप आधी घ्यायचा ठरवला. झाकण घट्ट बसलं होतं, माझ्या हातांनी फिरेना. बसले तशीच त्याच्याशी झुंजत.

मागून रोसम्मा आली. "सरका," म्हणाली. तिनं एका हिसक्यात झाकण काढलं.

मी दोरी सोडली. ती उकिडवी बसून बघत होती.

"असंच करायचं दर महिन्याला?"

"हो."

"तीस वर्षं?"

"हो."

"तुमचं वय किती?"

"चौसष्ट."

तिनं हिशोब केल्यासारखं तोंड केलं. "मग मध्येच कधीतरी तुम्ही मरणार. पुढं कोण करणार? मी पाच वर्षांनी लहान आहे. दाखवून ठेवा मला."

"तुला लिहिता येत नाही, रोसम्मा."

"टीचर तुम्ही आहात की मी?"

दोरी ढिली पडली, बाटली पाण्याला लागली. ती भरेपर्यंत थांबलो. मग ओढायला घेतली तर तिनं माझ्या हातातून दोरी घेतली आणि विहिरीतून घागर काढावी तशी वर काढली. बाटली पुसून उन्हात धरली. पिवळी होती. पिवळीधमक.

रोसम्मा ती बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या हातात दिली, आणि म्हणाली, "लिहा."